कला १९७५ सालीच गाडीत बसली?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला मोटारींवरचा लेख वाचला. लेखकमहोदयांनी मेहनत घेतली आहे, फोटोही ऐसपैस छापलेत. पण मोटार आणि कला यांची गाठ १९७५ साली पडली, हे वाचलं आणि हातातला चहा तसाच गार झाला. त्या साली अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरने बीएमडब्ल्यू रंगवली, मान्य. मग १९२५ साली पॅरिसमध्ये चित्रकार सोनिया दलोनेने आपल्या कापडांवरच्या नक्षीला जुळेल अशी सित्रोएन मोटार रंगवली, ती काय बैलगाडी होती?

आणि रंगाचं सोडा, तो वरून लागतो. मुळात आकार कोण देत होतं? सित्रोएनचा फ्लामिनिओ बेर्तोनी हा पेशाने शिल्पकार. १९३४ सालच्या त्राक्सियाँ आव्हाँ या गाडीचा आकार त्याने प्लॅस्टिसिन, म्हणजे न वाळणारी मऊ माती, हातात घेऊन घडवला. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९२७ मध्ये गाड्यांचे आकार ठरवणाऱ्या हार्ली अर्लसाठी जे खातं उघडलं, त्याचं नावच ‘कला आणि रंग विभाग’. तिथेही आधी मातीची गाडी, मग पत्र्याची.

माती म्हटल्यावर मला राहवत नाही. मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. नववीतल्या एका मुलाने शाडूची मोटार केली होती, चांगली हातभर लांब. मडगार्ड चमच्याच्या पाठीने घोटलेलं. वाळताना डावीकडे तडा गेला, तो त्याने ओल्या बोटाने तीनदा बुजवला. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात नेली, तर परीक्षक म्हणाले, “सर, ही चालत कुठे? मोटर बसवा, मग आणा.” पुढच्या महिन्यात चित्र-शिल्प स्पर्धेला नेली. तिथे म्हणे, “हे यंत्र झालं, विज्ञानवाल्यांना दाखवा.” परत येताना एसटीत मी ती मांडीवर धरून बसलो होतो. एका खड्ड्यात तो बुजवलेला तडा पुन्हा उघडला. पोरगं काही बोललं नाही, खिडकीबाहेर बघत बसलं.

त्या दोन परीक्षकांपैकी कुणी आता आपल्या पुरवणीत लिहू लागलंय की काय, अशी शंका आली. राग मानू नये.

फोटोखाली नुसतं ‘रोल्स-रॉइसवरची परी’ असं छापलंय. बॉनेटच्या टोकावरची ही परी १९११ साली चार्ल्स साइक्स नावाच्या शिल्पकाराने घडवली. सुरुवातीच्या मूर्तींवर शेवटचा हात माणसाचाच फिरायचा, त्यामुळे दोन मूर्ती तंतोतंत सारख्या नसत. त्याचं नाव द्यायला अर्धी ओळ पुरली असती. शेजारी टायरच्या जाहिरातीला मात्र अर्धं पान! आणि आपले इंदूरचे यशवंतराव होळकर? शिल्पकार ब्रांकुसीची पक्षी-शिल्पं विकत घेणारा, ड्यूसेनबर्ग या अमेरिकन मोटारीच्या सांगाड्यावर इंग्लंडच्या गर्नी नटिंग कंपनीकडून बॉडी बांधून घेणारा हा मराठी राजा मराठी वर्तमानपत्रातूनच गळावा, याला काय म्हणावं?

जाता जाता : शब्दकोड्याचं उत्तर गेले दोन रविवार आलेलं नाही. उभ्या सातवरून आमच्या घरात अजून अबोला आहे.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, कराड