वढवाण्याच्या पाळीवरचा हिशेब

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या जानेवारीत आम्ही पाच जण पहाटेच बडोद्याहून निघून डभोई तालुक्यातील वढवाणा तलावावर पक्षी पाहायला गेलो होतो. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, भेटलेल्या एका गावच्या मुलाने दुर्बिणीशिवायच दूरच्या करड्या थव्यातून राजहंस ओळखून दाखवले आणि डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या पाहायला सांगितले. तासभर तो आमच्याबरोबर हिंडला. परतताना लक्षात आले की, पेट्रोल बडोद्यात भरले होते, डबे घरून नेले होते आणि सेवउसळही शहरात आल्यावरच खाणार होतो. गावात आमचा एक रुपयाही खर्च झाला नव्हता. त्या मुलाच्या वाट्याला आला तो बिस्किटांचा अर्धा पुडा. त्याचा संकोच अजून मनात आहे.

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राजवटीत, १९१०च्या सुमारास, हा तलाव शेतीच्या पाण्यासाठी बांधला गेला आणि २०२१ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हिवाळ्यात येथे हिमालय ओलांडून राजहंस येतात. कलहंस, तलवार बदके आणि वारकरी नावाचे काळे पाणपक्षीही असतात. मात्र हंस हा चरणारा पक्षी आहे. दिवसा पाण्यावर विसावणारे थवे अंधार पडला की आसपासच्या शेतांत उतरतात आणि कोवळे पीक खुडतात. म्हणजे आपण ज्यांची छायाचित्रे काढतो त्यांना पोसतो शेतकरी, आणि त्याचा मोबदला त्याला कोणी देत नाही. पक्षी-पर्यटनाने गावांचा विकास होतो असे सांगताना हा हिशेब सोयीस्करपणे विसरला जातो.

पैसा गावात राहावा यासाठी फार मोठी गुंतवणूक लागत नाही. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवण परिसरात, मच्छीमारच आपल्या होड्यांतून पाहुण्यांना रोहित पक्षी दाखवतात आणि चिलापीचे कालवण त्यांच्याच घरी रांधले जाते. ओडिशातील मंगलाजोडी येथे तर एकेकाळी पक्ष्यांची शिकार करणारेच आज वाटाडे आहेत, कारण जिवंत पक्ष्याचे उत्पन्न दर हिवाळ्यात मिळते हे त्यांना पटले आहे.

वढवाण्याचा हंगाम जेमतेम चार महिन्यांचा, त्यामुळे हा जोडधंदाच राहील. तरीही गावच्या तरुणांना वाटाडे म्हणून प्रशिक्षण द्यावे, त्यांचे दर पाळीवर फलक लावून जाहीर करावेत, दुर्बिणी भाड्याने मिळाव्यात आणि न्याहारीचे काम ज्यांच्या शेतांत हंस उतरतात अशा घरांकडे प्रथम जावे. यांत्रिक होड्या आणि ध्वनिक्षेपकांना मात्र तेथे थारा नसावा. थवे उठून गेले तर चहाही कोणी पिणार नाही.

येत्या हिवाळ्यात आम्ही पाचही जण डबे घरीच ठेवून जाणार आहोत.

आपला,
एक नियमित वाचक
दांडिया बाजार, बडोदे