न मोजताच अल्टरनेटर बदलवला, त्याचे पैसे वापस द्या

प्रति,
सर्विस मॅनेजर साहेब

विषय: गाडीचा चार्जिंगचा फॉल्ट न शोधता पार्ट बदलवल्याबद्दल तक्रार

नमस्कार साहेब,

माझी २००६ ची डिझेल गाडी आहे, आरसी रिन्यू केलेली, आर्वी तालुक्यातल्या खेड्यात वापरतो, घर ते शेत अन आठवड्यातून एखादवेळ बाजार. सप्टेंबरमध्ये सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक टक करून राहिली म्हणून तुमच्याकडे आणली, तुम्ही म्हटलं बॅटरी गेली, बदलवली, ६,२०० रुपये. पंधरा दिवसात पुन्हा तेच. मग तुम्ही म्हटलं अल्टरनेटर (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारा पार्ट) खराब आहे, तो बदलवला, बेल्ट बदलवला, मजुरी धरून १६,४०० चं बिल. जुना अल्टरनेटर मागितला तर "तो एक्सचेंजमध्ये गेला" असं उत्तर मिळालं, मला आधी कोणी विचारलंही नव्हतं.

त्यानंतर नोव्हेंबरमध्ये रात्री साडेदहाला मायला दम लागला म्हणून सेवाग्रामच्या दवाखान्यात निघालो, रस्ता फुटलेला, गाडी सगळी दुसऱ्या तिसऱ्या गिअरवर हळूहळू, अन खरांगण्याच्या अलीकडे हेडलाइट पिवळे पडत पडत पार मिणमिणते झाले. डिझेल असल्यामुळे इंजिन बंद नाही पडलं एवढंच नशीब. एका ट्रकच्या मागे मागे त्याच्या उजेडात गाडी नेली, मागच्या सीटवर माय श्वासासाठी धडपडून राहिली होती, बायको तिची पाठ चोळून राहिली होती. माय आता बरी आहे. पण ती रात्र मी विसरत नाही साहेब, अन हे पत्र त्याच्यामुळेच लिहून राहिलो.

गावातल्या इलेक्ट्रिशियन भाऊने दुसऱ्या दिवशी एक साधा मल्टिमीटर घेऊन पाऊण तासात फॉल्ट काढला. आधी बॅटरी बाहेर चार्ज करून आणली, गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी चांगली. गाडी चालू केली तर १३.८ ते १४.४ च्या मधात यायला पाहिजे होतं, आलं १२.२ अन तेही खाली जाऊन राहिलं. मग त्यानं जोरात रेस दिली तर एकदम १४.१, अन रेस सोडली तरी १४ वरच टिकलं. बंद करून पुन्हा चालू केली, पुन्हा १२.२. तो म्हणाला, "भाऊ, अल्टरनेटर चांगला आहे, त्याले जागं करणारा करंटच भेटून नाई राहिला. चाबी फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागते का, पाहा बरं." पाहिलं तर दिवा लागतच नव्हता.

हे मला तेव्हा समजलं की किल्ली ऑन केल्यावर त्या लाल दिव्यातूनच थोडासा करंट बारीक वायरने अल्टरनेटरच्या फिल्डला, म्हणजे आतल्या चुंबक बनवणाऱ्या कॉइलला, जातो अन त्याच्यावर तो चार्जिंग सुरू करतो, वायर तुटली की दिवाही नाही अन चार्जिंगही नाही, मात्र जोरात रेस दिली की आतल्या लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर तो कधी कधी आपोआप सुरू होतो. त्यानं ती बारीक वायर अल्टरनेटरवरून काढून बॉडीला टेकवली, तरी दिवा नाही लागला, मग वायरच्या मागे मागे गेला तर फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन अन केबिनच्या मधल्या पत्र्याजवळ, उंदरानं कुरतडलेली. जोडली, सोल्डर केली, स्लीव्ह चढवली. १५० रुपये घेतले. आता चालू केल्या केल्या १४.२ येते.

तुमच्याकडे काय झालं ते माझ्या डोळ्यासमोर झालं. नवीन अल्टरनेटर बसवून पोरानं भर्रकन रेस दिली, मीटरवर १४ दिसलं अन "ओके" म्हणून गाडी दिली. बंद करून पुन्हा चालू करून, रेस न देता एकदा जरी मोजलं असतं तरी समजलं असतं. त्याच्या आधी तर त्यानं गाडी चालू असताना बॅटरीचं टर्मिनलच काढून पाहिलं. ती पद्धत जुन्या डायनामोच्या काळातली आहे, अल्टरनेटरमध्ये तसं केल्यावर व्होल्टेज एकदम उसळते अन डायोड उडू शकतात. हे मिस्त्रीला कोणीतरी शिकवा, दुसऱ्याचं तरी नुकसान होणार नाही.

बॅटरीचे पैसे मी मागत नाही. जुनी बॅटरी साडेतीन वर्षांची होती अन आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, त्या उन्हात बॅटरी तशीही लवकर बसते. पण अल्टरनेटर, बेल्ट अन मजुरीचे १६,४०० रुपये वापस पाहिजेत, तुमचा अल्टरनेटर काढून न्या अन माझा जुना आणून बसवून द्या, तो चांगला होता. अन जुनी गाडी आली की पार्ट बदलवायच्या आधी अन नंतर किती व्होल्ट होतं ते जॉबकार्डवर लिहायची सवय लावा.

दोन्ही बिलांचे अन कुरतडलेल्या वायरचे फोटो सोबत जोडले आहेत. १५ दिवसात उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकीन अन वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, एवढ्या रकमेला तिथे फी पण लागत नाही. पण खरं सांगतो, तिथपर्यंत जायची माझी इच्छा नाही, कापूस वेचणीचे दिवस आहेत.

आपला ग्राहक,
ता. आर्वी, जि. वर्धा