गजाननला पत्र: पिलाटेस सुरू करताना

दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय गजानन,
सप्रेम नमस्कार.

सोयाबीन घरात आलं, आता कापसाचा वेचा लागायच्या आत कंबरेचं काहीतरी करतो म्हणालास. आणि केलंस काय, तर मोबाइलवर पाहून पहिल्याच दिवशी 'हंड्रेड', म्हणजे पिलाटेस या व्यायामपद्धतीतला डोकं उचलून हात शंभर वेळा हलवायचा प्रकार, आणि मान धरून बसलास. धरणारच ना बाप्पा! पोट कामाला लागलं नसलं की उचललेल्या डोक्याचं चार-पाच किलो वजन सगळं मानेवर येतं. पिलाटेसच्या ३४ व्यायामांच्या मूळ यादीत हंड्रेड पहिला आहे म्हणून नवख्यानं तोच आधी करावा असं नाही. जोसेफ पिलाटेस नावाच्या जर्मन माणसानं (जन्म १८८३) ही पद्धत बसवली. तो तिला 'कंट्रॉलॉजी' म्हणायचा, म्हणजे अंग आपल्या ताब्यात ठेवण्याची विद्या. किती वेळा केलं याला त्यात फार किंमत नाही.

आधी जागा बघ. खाट, दिवाण, कापसाची गादी यातलं काही चालत नाही. कंबर खाली दबते आणि मणके कसे टेकले ते समजत नाही. फरशीवर जाड सतरंजी दुहेरी घाल. सरकत असेल तर डोक्याकडची कड खाटेच्या पायाखाली दाब. करदोड्याला किल्ली बांधली असेल तर सोडून ठेव, नेमकी मणक्यात रुतते. जेवणानंतर दोन तास जाऊ दे. फवारणीचा पंप पाठीवरून उतरवून लगेच आडवा होऊ नको. सकाळचा वेळच बरा.

आता उताणा झोप. गुडघे वर, पावलं जमिनीवर, टाचा ढुंगणापासून दीड वीत. कंबरेखाली बोटं सरकावून पाहा. बोटं जेमतेम जावीत, मूठ जाऊ नये. मूठ जात असेल तर कंबर कमानीसारखी उचललेली आहे. बोटंही जात नसतील तर तू ती जमिनीत दाबून धरली आहेस. कंबरेची पुढची दोन हाडं आणि खालचं मधलं हाड एका पातळीत आलं की जागा बरोबर.

याच जागेवर श्वास शिक. बरगड्यांच्या खालच्या भागाभोवती दुपट्टा गुंडाळून टोकं हातात धर. नाकानं श्वास घेतला की दुपट्टा दोन्ही बाजूंनी ताणला पाहिजे. नुसतं पोट फुगलं तर चुकलं. तोंडानं सावकाश फुंकर मारत सोड आणि सोडताना बेंबीखालचा भाग आत, वर ओढ. कंबरेच्या हाडांच्या आत दोन बोटांवर चाचपलंस तर तिथं हलका ताण लागेल. बोटाला धक्का बसून पोट बाहेर आलं, तर तू कुंथतो आहेस. असे दहा श्वास. पहिला आठवडा एवढंच केलंस तरी वाया जात नाही.

मग पाय. बेंबीखाली अर्धी भरलेली पाण्याची वाटी ठेव. श्वास सोडत एक पाय गुडघ्यात वाकलेलाच उचल, मांडी उभी होईपर्यंत. श्वास घेत थांब, सोडत खाली आण. दोन्ही पायांनी पाच-पाच वेळा. वाटी कलली म्हणजे पाय पोटानं नाही, कंबरेच्या झटक्यानं उचलला. उचल कमी कर, वेग कमी कर. हा व्यायाम दिसायला पोरखेळ आहे, पण सगळं बिंग इथंच फुटतं.

वाटी बाजूला ठेव आणि ढुंगण उचल, पण एकदम नको: आधी माकडहाड, मग कंबर, मग पाठ, एकेक मणका सुटा करत. उतरताना उलट क्रमानं. सहा वेळा. मांडीमागे गोळा आला तर पावलं लांब पडली आहेत, जवळ घे.

डोकं उचलायचं ते दुसऱ्या आठवड्यात. बोटं डोक्यामागे, हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये एक लिंबू मावेल एवढी जागा. श्वास सोडत खांद्याच्या फऱ्यांची खालची टोकं टेकलेली राहतील एवढंच वर ये. हातानं डोकं ओढू नको.

एक गोष्ट व्हिडिओवाले तुझ्यासाठी सांगणार नाहीत. नवख्यांचे बरेचसे व्यायाम पुढे वाकण्याचे असतात. तू निंदणात, सोंगणीत, वेच्यात दिवसभर पुढेच वाकलेला! म्हणून पालथं झोपायचं कधी चुकवू नको. कपाळ हातांवर, नजर खाली, पोट हलकं आत. श्वास घेत छातीचं हाड चार बोटं उचल, सोडत टेकव. सहा वेळा. कंबरेत चिमटा बसला तर दोनच बोटं उचल.

आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं. चौथ्या आठवड्यात हंड्रेड घे, पण पावलं जमिनीवरच ठेवून. हात अंगालगत वीतभर वर-खाली, पाच हलवण्यांत श्वास आत, पाचांत बाहेर. पूर्ण हंड्रेड म्हणजे असे दहा श्वास. तू दोनच घे, म्हणजे वीस. पोटाच्या मधोमध धुऱ्यासारखा उंचवटा आला की तिथंच थांब, मोजणी राहू दे. चेंडूसारखं मागेपुढे लोळायचं तर सध्या नकोच, सतरंजीवर मणके खरचटतात.

स्नायू दुखले तर दोन दिवसांत जातात. पण कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरला दाखव. लघवीवरचा ताबा गेला किंवा मांड्यांमधला भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. आईला मात्र यातलं डोकं उचलायचं शिकवू नको. हाडं ठिसूळ झाली असतील तर पुढे वाकल्यानं मणका दबू शकतो. त्यांना श्वास आणि पायाचा व्यायाम पुरे, तोही डॉक्टरला विचारून.

पुढच्या पत्रात वाटीचं लिही, कोणता पाय उचलताना जास्त कलते ते. डावा-उजवा फरक असेल तर त्या बाजूला आणखी काय करायचं ते सांगतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
प्रकाश