एका रात्रीच्या ७३ घंटा

बंगळूर, रविवार रात्र

ती. आई-बाबांस सा. न.

फोनवर गेटवरच्या कॅमेऱ्याचा विषय काढला की बाबा, तुम्ही "हो हो, कळलं" म्हणता आणि फोन आईकडे देता. आई मग विचारते, तिकडे भाजी काय भाव मिळते. म्हणून कागदावर लिहितेय. व्हॉट्सॲपवर मुद्दाम टाकलं नाही, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर माझी अक्कल फिरत राहील.

परवा आई बोलता बोलता सांगून गेली की हे रात्री तीन-चारदा उठतात, बॅटरी आणि काठी घेऊन अंगणात चक्कर मारतात, मग चहा करून बसतात. गोळी चालू असलेल्या माणसाने पहाटे तीनला चहा पीत बसायचं, आणि तेही मी लावलेल्या कॅमेऱ्यात काही हललं की फोनवर वाजणाऱ्या घंटेमुळे!

आधी एक कबुली. बाबा, तुम्ही नेहमी म्हणता ना, "तुझ्याही फोनवर येतंच सगळं, तू बघत असशील." येत होतं. ऑगस्टपासून मी त्याचा आवाज बंद करून ठेवलाय. पावसात एका रात्री इतकं टिंगटिंग झालं की सकाळी मीटिंगमध्ये डोळे मिटत होते, तेव्हा बंद केलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हीच सांगायचात ना, तुर्भ्याच्या कारखान्यात बॉयलरपाशी एक घंटा उगाचच वाजायची, शेवटी कुणीतरी तिच्यात कापडाचा बोळा कोंबला आणि मग खरंच प्रेशर चढलं तेव्हा कुणाला पत्ताच नाही. तो बोळा कोंबणारा माणूस मीच निघाले.

तर शनिवारी बसले आणि शुक्रवार रात्रीचे सगळे इशारे एकेक उघडून पाहिले. एकूण ७३. त्यांतले ४१ कोळी आणि किडे. १४ वेळा बोका. ११ वेळा आईच्या पारिजातकाची फांदी. ५ वेळा वळणावरच्या रिक्षांचे हेडलाइट भिंतीवरून फिरले. आणि २ वेळा माणूस. दोन्ही वेळा तो माणूस म्हणजे बनियन-लेंग्यातले तुम्ही, काठी घेऊन बोक्याला शोधताना.

आता हे होतं कसं, ते सांगते. गेटवरच्या कॅमेऱ्याला चोर कळत नाही. मघाचं चित्र आणि आत्ताचं चित्र यांत किती ठिपके बदलले, एवढंच तो मोजतो. रात्री त्याच्या काचेभोवतीचे बारीक दिवे आपल्याला जवळजवळ न दिसणारा उजेड टाकतात. खालून पाहिलंत तर मंद लाल ठिपके दिसतील, तेच ते. त्या उजेडात वीतभरावरचा कोळी फणसाएवढा पांढराफटक दिसतो. जाळं वाऱ्याने हललं की कॅमेऱ्याच्या लेखी अर्धं अंगण हललं. पावसाचे थेंबही तसेच चमकतात. कोळ्याला ती जागा आवडते, कारण दिव्याला किडे येतात आणि त्याला बसल्या जागी जेवण मिळतं. त्यात तुम्ही कॅमेऱ्याच्या डोक्यावरच पांढरा एलईडी बल्ब लावून त्याची खानावळ उघडून दिलीत.

तो बल्ब तेवढा हलवा. इलेक्ट्रिशियनला सांगून सहा-सात फूट लांब, तुळशीच्या बाजूच्या भिंतीवर घ्या आणि पिवळा लावा, पिवळ्यावर किडे कमी येतात. उजेड पुरेसा पडला की मी इथून कॅमेऱ्याचे स्वतःचे दिवे बंद करीन. जाळी आठवड्यातून एकदा लांब दांड्याच्या कुंच्याने काढा. काच पुसायला चष्म्याचं मऊ फडकं घ्या, धोतराचा सोगा नको. आणि किडे मारायचा स्प्रे काचेवर मारू नका. स्टुलावर चढायचं ते बाबांनी नाही, शेजारच्या मुलाला हाक मारा.

इथून करता येण्यासारखं मी कालच केलं. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती बारीक हालचालीला घंटा वाजवायची ते, सगळ्यात वर होती, ती मधोमध आणली. बसवणाऱ्याने ती तशीच सोडली होती आणि मीही कधी उघडून पाहिलं नाही. मग झोन आखला. म्हणजे चित्रावर बोटाने रेघ मारून सांगायचं की एवढ्याच जागेत हललं तर कळव. गेटपासून पायरीपर्यंतची वाट ठेवली. पारिजातक, रस्त्याचं वळण आणि मधलं अंगण वगळलं. आई, त्यामुळे फांदी छाटायची गरज नाही. बाबा कात्री शोधत असतील तर लपव.

मधलं अंगण वगळणं भागच होतं. आपल्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये सात-सात घरं एका अंगणाभोवती मांडलेली. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी ती आखली तेव्हा माणसांनी दारात यावं, एकमेकांना दिसावं, हाच हेतू होता. अशा ठिकाणी हालचाल झाली की कळव म्हणून सांगणं म्हणजे ठाणे स्टेशनवर गर्दी झाली की कळव म्हणण्यासारखं. शिवाय समोरच्या काकू मे महिन्यातच हसत हसत म्हणाल्या होत्या, "आता गाऊनवर पेपर घ्यायला यायची सोय राहिली नाही." ते हसणं मला तेव्हाच कळायला हवं होतं. झोनमधून वगळलं तर फक्त घंटा थांबते, चित्र दिसतच राहतं. म्हणून त्यांच्या दारावर वेगळा काळा पट्टा टाकलाय. ती जागा आता आपल्याला दिसतही नाही आणि साठतही नाही. आई, हे त्यांना तू स्वतः जाऊन सांग. शक्यतो काहीतरी खायला घेऊन.

तिसरी गोष्ट, फक्त माणूस दिसला तरच कळव अशी सोय त्यात होती, ती चालू केली. बोका आता बाद. पण ही सोय माणसाचा आकार ओळखते, माणूस नाही. दोरीवर हँगरला लावलेला आईचा गाऊन वाऱ्याने फुगला की त्याला वाटतं, बाई उभी आहे. तेव्हा रात्री कपडे आत घ्या. दिवाळीचा कंदीलही यंदा कॅमेऱ्यासमोर नको, पलीकडच्या कोपऱ्यात टांगा, त्याच्या शेपट्या रात्रभर नाचतात.

मागच्या ओट्यावरच्या छोट्या कॅमेऱ्याचं दुखणं उलटं आहे. तो बॅटरीवर चालतो, म्हणून चित्र सारखं तपासत बसत नाही. समोरून अंगाची ऊब सरकली की जागा होतो. त्यामुळे फांदीला भुलत नाही, पण ऑक्टोबरच्या दुपारी भिंत आणि माणूस दोन्ही सारखेच तापलेले, त्याला फरकच लागत नाही. गॅसवाला मागून आला आणि हा गप्प राहिला, म्हणून बाबांनी त्याला 'कुंभकर्ण' ठरवलं, त्याचं कारण हे. आणखी एक, सरळ त्याच्या दिशेने चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो, आडवा जाणारा पटकन कळतो. तो मागच्या दाराकडे तोंड करून न लावता वाटेला आडवा लावायला हवा. ते दिवाळीत आले की मी करीन. आणि दुपारी त्याच्यावर विसंबू नका, मागच्या दाराला कडी असू दे.

बाबा, तुम्ही विचारणार, घंटा कमी केली आणि नेमकं त्याच रात्री काही झालं तर? घंटा आणि रेकॉर्डिंग वेगवेगळं आहे. गेटवरचा कॅमेरा मेमरी कार्डावर चोवीस तास साठवतोच. कार्ड भरलं की सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. घंटा वाजली नाही तरी ते राहतं, सकाळी बघता येतं. पण फार कमी केलं तर खरा माणूसही सुटेल, ही शंका रास्तच आहे. म्हणून चाचणी घ्यायची, तुम्ही कारखान्यात महिन्याला अलार्म तपासायचात तशी. एकदा उजेडी आणि एकदा अंधार पडल्यावर तुम्ही गेटातून आत या, नेहमीच्या चालीने पायरीपर्यंत. मी इथे फोन हातात धरून बसते. घंटा आली तर ठीक, नाही आली तर सेन्सिटिव्हिटी एक काटा वर करते. माझ्या फोनवरचा आवाज मी पुन्हा चालू केलाय, आणि रात्री ११ ते सकाळी ६ तो आधी माझ्याकडे वाजेल. तुमच्या फोनवर त्या वेळेत बंद केलाय. मला खरंच काही दिसलं तर मी आधी शेजारच्या मुलाला फोन करीन, मग तुम्हाला. त्याच्याशी बोलून ठेवलंय. तुम्ही एकट्याने बाहेर जायचं नाही, काठी असली तरी.

यावर तुम्ही चिडाल, माहीत आहे. "माझ्या घराचा पहारा तू बंगळुरातून करणार?" वगैरे. चिडा. पण आठ दिवस असं करून बघू. नाही पटलं तर तुमच्या फोनचा आवाज परत चालू करायला मला अर्धं मिनिट लागतं.

चाचणी येत्या रविवारी, सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसात. इतकं लक्षात ठेवा, कॅमेऱ्याकडे बघून हात हलवायचा नाही आणि दबकतही चालायचं नाही. भाजी घेऊन येता तसेच या. खरं तर भाजी घेऊनच या, म्हणजे आईचंही काम होईल.

तुमची,
सोनू

ता. क. त्या १४ वेळांमध्ये दोन बोके आहेत. काळा आपला, दुसरा कानाला चीर पडलेला, पहाटे चारला येऊन वाटीतलं दूध पिऊन जातो. आई, आपला उपाशी राहतो असं तू म्हणत होतीस ना!