मनात आणलं आणि शिक्का पुसला?

संपादक महोदय,

अमेरिकेच्या अध्यक्षाला वाटेल तो गोपनीय कागद वाटेल तेव्हा खुला करता येतो, असं परवा आमच्या कट्ट्यावर एकाने ठणकावून सांगितलं. मी सरकारी कचेरीत एकतीस वर्षं काढली, त्यातली नऊ अभिलेख कक्षात. गप्प बसवेना, म्हणून हे पत्र.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये ट्रम्प फॉक्स न्यूजवर म्हणाले होते, की नुसतं मनात आणूनही कागद खुला होतो. आमचे हेडक्लार्क हे ऐकायला हवे होते. एकदा साहेबांनी एक गोपनीय प्रकरण त्यांच्यापुढे टाकून ‘हे आता खुलं समजा’ म्हटलं. हेडक्लार्क जागचे हलेनात. ‘साहेब, तेवढा शेरा मारून सही करा. तारखेसह.’ साहेब चिडले, पण सही झाली. मग शिक्क्यावर लाल शाईची आडवी रेघ आणि खाली आदेशाचा क्रमांक. उद्या फाइल उघडणाऱ्याला साहेबांचं मन थोडंच दिसणार!

अध्यक्षाचा अधिकार मोठा आहे, यात वाद नाही. तो राज्यघटनेतून, सरसेनापतिपदातून येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या ईगन खटल्यात म्हटलं. पण २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सीआयए प्रकरणात अपील न्यायालयाने बजावलं, की अध्यक्षानेही ठरलेली पद्धत पाळायची. त्याच वर्षी ट्रम्प यांनी रशिया चौकशीचे (२०१६ च्या निवडणुकीत रशियाने ढवळाढवळ केल्याबद्दलची चौकशी) झाडून सगळे कागद खुले केल्याचं ट्विट केलं. त्यांचेच चीफ ऑफ स्टाफ मार्क मेडोज यांनी कोर्टात लिहून दिलं, की ट्विट म्हणजे आदेश नव्हे. अण्वस्त्रांच्या माहितीचा बस्ताच निराळा. तिची गोपनीयता १९५४ च्या अणुऊर्जा कायद्यातून येते आणि ती उठवायची वाटही त्याच कायद्यात आहे.

खरी मेख मात्र शिक्क्यात नाहीच. ऑगस्ट २०२२ मध्ये ट्रम्प यांच्या फ्लोरिडातल्या मार-अ-लागो या निवासस्थानाच्या झडतीत गोपनीय शिक्क्याचे शंभरावर कागद सापडले. तेव्हा अपील न्यायालय म्हणालं, शिक्का काढला तरी मजकूर तोच राहतो आणि कागद काही खासगी होत नाही. १९७८ च्या कायद्याने अध्यक्षाचं दप्तर सरकारच्या मालकीचं. आरोप लागला तो १९१७ च्या हेरगिरी कायद्याखाली, आणि त्या कलमात शब्द आहे ‘राष्ट्रीय संरक्षणाची माहिती’. शिक्क्याचं नावही नाही. पुढे २०२४ मध्ये न्यायाधीश कॅनन यांनी खटला काढून टाकला, तोही खटला चालवणाऱ्या विशेष वकिलाची नेमणूकच घटनेला धरून नाही म्हणून. शिक्क्याचा मुद्दा तसाच राहिला.

आरोपपत्रात जुलै २०२१ चं एक ध्वनिमुद्रण आहे. त्यात खुद्द ट्रम्प पाहुण्यांना सांगतात, अध्यक्ष असताना हे मला खुलं करता आलं असतं, आता नाही. त्या बातमीचं कात्रण मी कट्ट्यावरच्या मित्राला वाचायला दिलं. अजून परत आलेलं नाही. जावक नोंद माझ्याकडे आहे.

– एक निवृत्त अव्वल कारकून, सातारा