क्रॉफर्ड मार्केटवरचा किपलिंग

मुंबई, रविवार

प्रिय विनय,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू ठासून सांगितलंस की व्हीटीवरचं, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरचं, सगळं कोरीवकाम ‘जंगल बुक’वाल्या रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांचं. वहिनी जेवायला हाका मारत होत्या म्हणून तेव्हा गप्प बसलो. आता निवांत भांडतो.

हे वडील, जॉन लॉकवुड किपलिंग, मुंबई सोडून लाहोरला गेले १८७५ मध्ये. व्हीटीचं काम सुरू झालं १८७८ ला आणि पुरं व्हायला १८८८ उजाडलं. घुमटावरचा ‘प्रगती’चा पुतळा लंडनच्या टॉमस अर्पचा. खालची पानं, फुलं, पक्षी, माकडं यातलं बरंचसं जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलं, जॉन ग्रिफिथ्सच्या हाताखाली. तिकडे विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातल्या जातीजमातींचे पुतळे आहेत, ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र नावाच्या आपल्याच माणसाचे. पण गाइड लोकांना एक किपलिंग सापडला की पुरतो.

त्याचं हक्काचं काम बघायचं तर क्रॉफर्ड मार्केट. म्हणजे आताची महात्मा फुले मंडई, पण टॅक्सीवाल्याला अजून क्रॉफर्डच सांगावं लागतं. इमारत विल्यम इमर्सनची, कुर्ल्याचा पिवळट दगड आणि जोडीला वसईचा तांबडा. दारांच्या कमानींवर गव्हाच्या शेतात राबणारी माणसं उठावात काढली आहेत, ती किपलिंगची. आतल्या कारंज्यावरचं शिल्पकामही त्याचंच. त्या कारंज्याचे पैसे कावसजी जहांगीर यांनी दिले. खाली आंब्याच्या पेट्या, हातगाड्या, ‘बाजू, बाजू’ करत धावणारे पाटीवाले. वर बघायला उभं राहिलास तर शिव्याच खाशील. सकाळी लवकर जावं.

माणूस मोठा मजेदार. यॉर्कशरमधल्या पिकरिंगचा, जन्म १८३७ चा, बाप मेथडिस्ट धर्मोपदेशक. पोरवयात, १८५१ साली, लंडनचं ते महाप्रदर्शन पाहिलं आणि कलाकुसरीचं वेड लागलं. मग स्टॅफर्डशरमध्ये बर्स्लेमच्या चिनीमातीच्या कारखान्यात उमेदवारी. पुढे लंडनला साउथ केन्सिंग्टन म्युझियमच्या, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या सजावटीवर, गॉडफ्री साइक्सच्या हाताखाली. तिथलं काम टेराकोटाचं. भट्टीत माती आक्रसते, म्हणून मूळ नमुना मोठा धरावा लागतो आणि प्रत्येक तुकडा मागच्याशी जुळेल असा हिशेब आधीच मांडावा लागतो. ‘शिल्पकार’ म्हटलं की आपल्यासमोर छिन्नी-हातोडा घेतलेला एकटा कलावंत येतो. हा प्रकार वेगळा. आर्किटेक्टनं मोकळी सोडलेली जागा भरायची, माती, साचा, प्लास्टर, मग पाथरवट, आणि नाव बहुधा आर्किटेक्टचंच.

ॲलिस मॅकडोनल्ड त्याला भेटली १८६३ साली, रुडयार्ड नावाच्या तलावाकाठी सहलीला गेले असताना. म्हणून पोराचं नाव रुडयार्ड! (लोणावळ्याला जुळली असती तर काय ठेवलं असतं?) १८६५ च्या मार्चमध्ये लग्न, लगेच बोटीनं मुंबई, जे. जे. मध्ये वास्तुशिल्पाचा प्राध्यापक म्हणून. आणि आला तो कुठल्या मुहूर्तावर बघ. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, शेअरच्या सट्ट्यात भलेभले शेठ बुडाले. तरी सरकारी इमारतींचा सपाटा चालू राहिला, त्यावर जे. जे. च्या या शिल्पखात्याचं निभावलं. शिवाय तो वृत्तपत्रात लिहून चार पैसे जोडायचा. डिसेंबरात रुडयार्ड झाला. जे. जे. च्या आवारात त्याच्या जन्माची पाटी असलेला बंगला आहे, तो मात्र नंतर बांधलेला.

मला त्याचं दगडकाम ठीकच वाटतं; नीटस, पण अंगावर येत नाही. खरा हात दिसतो पेन्सिलीत. १८७० च्या सुमारास सरकारनं त्याला उत्तरेकडे कारागिरांची चित्रं काढायला पाठवलं. त्यातला सिमल्याचा लाकूड कोरणारा बघ. कोरायला आलेला साहेब इथल्या मिस्त्रीचा हात बघत बसलाय, हे त्या रेघांत कळतं. पुढे लाहोरला मेयो स्कूल ऑफ आर्टचा प्रमुख आणि म्युझियमचा क्युरेटर असताना विलायती नमुने गिरवण्यापेक्षा इथल्याच कारागिरीवर पोरांना तयार करा, असा त्याचा हट्ट होता. अर्थात पगार साम्राज्याचाच. १८७७ च्या दिल्ली दरबारात राजेरजवाड्यांना दिलेली निशाणं यानंच रेखाटली. आणि १८७१ मध्ये दोन्ही लहान पोरांना इंग्लंडात परक्यांच्या घरी ठेवून नवराबायको परत आले, ते मला काही केल्या पटत नाही. त्या काळची रीत म्हण हवं तर.

मुलाच्या ‘किम’ कादंबरीमधला म्युझियमचा तो प्रेमळ साहेब म्हणजे हाच. त्या पुस्तकासाठी बापानं मातीत उठावचित्रं घडवली आणि त्यांचे फोटो छापले. म्हातारपणीही बर्स्लेमची माती सुटली नव्हती. १८९३ ला निवृत्त होऊन विल्टशरमध्ये राहिला. ॲलिस १९१० च्या नोव्हेंबरात गेली, जानेवारीत हाही.

आता तुझ्याकडे काम. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या अंगणात, भिंतीवर उंच, ते म्युझियम उभारणाऱ्यांची मिरवणूक आहे. तीत दाढीवाला किपलिंग शोध. आणि उन्हाळ्यात आयल ऑफ वाइटला जाल तेव्हा ऑस्बोर्न हाउस चुकवू नकोस. व्हिक्टोरिया राणीच्या तिथल्या दरबार हॉलची सजावट किपलिंगच्या देखरेखीखाली झाली, पण तिथे राहून घाम गाळला तो त्याचा लाहोरचा शिष्य भाई रामसिंग यानं. हाच पुढे मेयो स्कूलचा प्रमुख झाला. शेकोटीच्या वर प्लास्टरचा मोठा मोर आहे. फोटो काढू देत असतील तर जवळून काढ. पिसं एकेक सुटी करून बसवलीत की सबंध मोर एकाच साच्यातून काढलाय, ते मला बघायचंय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मोहन