डाव्या डोळ्याचं ठरलं आहे

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

फोनवर बाबा गप्प होतात आणि आईला रडू येतं, म्हणून लिहूनच कळवते आहे. डाव्या डोळ्याचं सी-थ्री-आर, म्हणजे केराटोकोनसमध्ये पातळ होऊन शंकूसारखा पुढे येणारा कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) थेंब आणि अतिनील किरणांनी घट्ट करायचा तोच उपचार, मी पुढच्या महिन्यात करून घेते आहे. तारीख घेतली, पैसेही भरले.

उजव्याला त्यानंतर संसर्ग होऊन एवढं झालं, तरी पुन्हा तेच कशाला, असं तुम्हाला वाटणार. पण डाव्याचा कॉर्निया दर तपासणीत आणखी पातळ होतोय. चारशे मायक्रॉनच्या खाली गेला तर नेहमीच्या पद्धतीने हा उपचार करता येत नाही, आणि फारच वाढलं तर शेवटी कॉर्निया बदलण्यावर गोष्ट जाते. त्यापेक्षा आत्ता केलेलं बरं. उजव्यात फूल, म्हणजे पांढरा डाग, राहिलंय हे खरं, पण ते कडेला आहे. त्याच डोळ्यातला कॉर्नियाचा शंकूसारखा फुगवटा वाढायचा थांबला, हे नवीन रिपोर्टात स्पष्ट दिसतंय. बाकीचा धूसरपणा बऱ्याचदा सहा महिने ते वर्षभरात कमी होतो. दिव्यांभोवती अजून वलयं दिसतात, म्हणून रात्री गाडी चालवत नाही. ऑफिसला बसने जाते.

आई, आता तुझ्याशी. यावेळी तू येऊ नकोस. आणि तुझ्या मनात जे आहे ते कृपा करून काढून टाक. तुझ्या हातामुळे काही झालेलं नाही. वरचा थर काढलेला असतो, तो भरून येईपर्यंत जंतूंना वाट मोकळी असते, आणि काळजी घेऊनही क्वचित कुणाला संसर्ग होतो. डॉक्टरांना मी मुद्दाम विचारलं. तू तर कोपरापर्यंत हात धुऊन, गजर लावून, रात्री दर तासाला माझी पापणी अलगद खाली ओढून थेंब घालायचीस. लहानपणी गोवराच्या तापात बसली होतीस तशीच. मला तेव्हा फक्त तुझ्या बांगड्या ऐकू यायच्या आणि बरं वाटायचं. पण तीन जिने आणि तुझा गुडघा! शिवाय बाबांना एकटं सोडलं की ते चहात साखर घालतात, हे आपल्याला माहीत आहे.

इथे सगळी सोय आहे. सुट्टी मंजूर झाली, मैत्रीण राहायला येणार आहे, खालच्या काकूंकडून मऊ भात-वरणाचा डबा येईल. खोलीला जाड पडदे लावले. पहिले दोन-तीन दिवस डोळा चुरचुरेल, पाणी येईल, त्याची आता सवय आहे. ठिपका दिसला किंवा दुखणं वाढलं तर सकाळची वाट न बघता लगेच जायचं, हे मैत्रिणीला सांगून ठेवलंय.

आता तुमची कामं. काजळ आणि गुलाबपाणी पाठवू नका. ताईला सांगा, ओमचा नंबर सारखा बदलतोय आणि तो मुठीने डोळे चोळतो, त्याची कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराची तपासणी, करून घे. घरात एकाला हे दुखणं असलं की दुसऱ्यालाही असू शकतं. नुसता चष्मा बदलून भागणार नाही. बाबा, सोमवारी उपाशीपोटी रक्त देऊन या आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवा. गोळ्यांचं ऐकते आहे मी सगळं ताईकडून.

तुमची,
मनू